काजू कारखान्याला ईआरपी: टॅली, ईआरपीनेक्स्ट की सॅप, आणि पैसे नेमके जातात कुठे

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या काजू कारखान्यांचे हिशेब बघणं हे माझं काम. हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो: "टॅलीवर भागत नाही, ईआरपी बसवावं म्हणतो. किती जातील?" टॅली हे मुळात हिशेबाचं सॉफ्टवेअर; ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं. विचारणाऱ्याच्या हातात एखादं कोटेशन असतं आणि त्यात परवान्याचा आकडा ठळक छापलेला असतो. मी तो सगळ्यात शेवटी वाचतो.

डोळ्यांसमोर एक कारखाना धरू. दिवसाला दीड टन बी फोडणारा, साठेक बायका कामाला, दोन गोदामं, ऑफिसात तीन माणसं, उलाढाल पाच कोटींच्या वर. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू आहे, त्यामुळे बिलबुकावर परत जायचा रस्ता बंद झालाय. असा मालक बहुतेक तीन वाटांवर घुटमळतो.

पहिली वाट, आहे ती टॅली वाढवायची. मी शेवटचा भाव पाहिला तेव्हा टॅलीप्राइम सिल्व्हर (एकाच संगणकासाठी) २२,५०० रुपये आणि गोल्ड (ऑफिसच्या नेटवर्कवर अनेकांसाठी) ६७,५०० रुपये होतं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे गोल्डचे ७९,६५० झाले. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, ते वजा करून बघा. परवाना कायमचा, पण अपडेट हवे असतील तर दरवर्षी नूतनीकरण. दुसरं गोदाम पाच किलोमीटरवर असेल तर तिथून टॅली चालवण्याचा खर्च वेगळा.

टॅलीचा खरा फायदा किमतीत दिसत नाही. उद्या तुमचा क्लार्क गोव्याला नोकरी लागून गेला तर आठवड्याभरात दुसरा मिळतो, कारण आपल्याकडे कॉमर्स झालेल्या पोराला टॅली येतेच. बाकी दोन वाटांवर तसं नाही.

दुसरी वाट ईआरपीनेक्स्टची. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली. परवाना फी शून्य, आणि माणसागणिक पैसे नाहीत. गेटवरच्या वजनकाट्यापासून पॅकिंगपर्यंत दहा जणांना लॉगिन दिलं तरी परवान्यापोटी काही लागत नाही. इथेच लोक फसतात. फणस झाडाचा फुकट असतो, पण कापायला तेल लागतं, कोयता लागतो आणि कापता येणारा माणूस लागतो. इथे तो माणूस म्हणजे बसवून देणारी कंपनी, आणि तिचं बिल मॅनडेवर (एका माणसाचं एका दिवसाचं काम) होतं. समजा दिवसाला ८,००० रुपये आणि ६० दिवस. झाले ४,८०,०००. त्यात क्लाउडचं भाडं, ई-इन्व्हॉइस जोडणीचं शुल्क आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्याचा प्रवास-मुक्काम धरा. कोकणकन्या सकाळी कुडाळात सोडते, पण मुक्कामाचे दिवस कोटेशनात बहुधा 'प्रत्यक्षाप्रमाणे' असे लिहिलेले असतात. तिथे कमाल आकडा लिहून घ्या.

(ओडू या आणखी एका ईआरपीबद्दलही विचारणा होते. त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, पण पूर्ण अकाउंटिंग सशुल्क आवृत्तीत येतं आणि ती माणसागणिक आहे. मग फुकट काय राहिलं?)

तिसरी वाट सॅप बिझनेस वन. सॅप कंपनीचं हे लहान-मध्यम धंद्यांसाठीचं ईआरपी भागीदार कंपन्यांमार्फत मिळतं, माणसागणिक. भागीदाराने कुठलाही दर सांगितला तरी पाच वर्षांचा गुणाकार स्वतः करा. महिना दोन हजार ऐकायला हलके वाटतात, पण आठ माणसं आणि साठ महिने म्हणजे ९,६०,०००, आणि हे बसवण्याच्या बिलाशिवाय. एकरकमी परवाना घेतला तर दरवर्षी देखभाल शुल्क असतंच. सॅप वाईट नाही. निर्यात मोठी आहे, परदेशी ग्राहकाला कुठल्या लॉटचा काजू कुठल्या डब्यात गेला हे दाखवावं लागतं, दोनतीन ठिकाणी कारखाने आहेत, तर विचार करावा. तीन माणसांच्या ऑफिसला मात्र होडीला आगबोटीचं इंजिन लावल्यासारखं होतं.

आता जिथे या तिन्हींची खरी परीक्षा होते तिकडे वळतो.

जगातली बहुतेक उत्पादन-सॉफ्टवेअर 'अनेक वस्तू आत, एक वस्तू बाहेर' असं गृहीत धरतात. बिस्किटाचा कारखाना तसाच चालतो. आपलं उलटं आहे. आत एक बी जातं, बाहेर डब्ल्यू १८०, २४०, ३२० (अख्ख्या गराचे आकारानुसार दर्जे), पाकळी (अर्धा गर), तुकडा, कणी, टरफल आणि साल पडतात. ८० किलोच्या पोत्यातून साधारण वीस-बावीस किलो गर निघतो, आणि नफा ठरतो तो त्यातला अख्खा किती आणि तुकडा किती यावर. बियाचा खर्च या दर्जांवर कसा वाटायचा, हा प्रश्न सॉफ्टवेअरला सुटला नाही तर ते नुसतं महागडं बिलबुक.

सॅप बिझनेस वनमध्ये यासाठी उलटी उत्पादन-ऑर्डर आहे, एक वस्तू मोडून अनेक करण्याची. ईआरपीनेक्स्टमध्ये स्टॉक एंट्रीतल्या रिपॅकने (साठ्यातली एक वस्तू काढून तिच्या जागी दुसऱ्या नोंदवायची सोय) काम होतं, पण दर्जांवर खर्च नीट वाटायला थोडं कोडिंग लागतं. आणि टॅलीतही उपउत्पादनांना टक्केवारीने खर्च वाटायची सोय आहे. बऱ्याच कारखान्यांत मी ती उघडलेलीच पाहिली नाही. 'टॅलीवर भागत नाही' म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो. त्यांच्यातल्या दोघांचं भागलं.

दुसरी आपल्याकडची खोच खरेदीत. शेतकऱ्याकडून न सोललेलं बी घेतलं की रिव्हर्स चार्ज लागतो: जीएसटी आपण भरायचा आणि बिलही आपणच आपल्याला करायचं. तेच बी नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून आलं तर तो कर लावून देतो. मार्च-एप्रिलमध्ये गेटवर दोन्ही प्रकारची पोती एकाच रांगेत असतात. शहरातून आलेल्या टीमला हे माहीत नसतं, डेमोत दिसत नाही, आणि मग 'वाढीव काम' म्हणून बिलात येतं. कोटेशन घेतानाच हे दोन व्यवहार लिहून द्या आणि डेमोत करून दाखवायला लावा.

वाढीव कामाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जर्मनीच्या लिडल या दुकान-साखळीने सात वर्षं सॅप बसवून २०१८ मध्ये ते सोडून दिलं. खर्च सुमारे ५० कोटी युरो. त्यांचा माल खरेदी किमतीने मोजायचा रिवाज होता, सॉफ्टवेअर विक्री किमतीने मोजत होतं. रिवाज बदलायचा नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले. आपल्याकडे आकडे लाखांत असतात, पण दुखणं तेच. 'आमच्याकडे असंच करतात' या प्रत्येक वाक्याचा मॅनडेत हिशेब मागा, मग बघा किती रिवाज आपोआप सुटतात.

माणसांचा खर्च तर कोणीच मांडत नाही. एका कारखान्यात गोदाम सांभाळणाऱ्या काकांनी स्कॅनर हातात घेऊन सांगितलं, "मी पोत्यार लिवतंय, तां पुरे." ते चुकीचे नव्हते. त्यांचं लिहिणं आणि स्कॅन करणं दोन्ही तीन महिने चाललं, कामाचे तास दीडपट झाले, आणि तो ओव्हरटाइम मालकाच्या खिशातून गेला. तिन्ही वाटांवर हा खर्च धरा, टॅलीवर सर्वांत कमी.

सुरू कधी करायचं यावरही पैसे ठरतात. बाहेरची टीम १ एप्रिल सुचवते, कारण आर्थिक वर्ष नवं, शिल्लक सोपी. आपल्याकडे तेव्हा बियांचा हंगाम भरात असतो आणि गेटवर टेम्पोंची रांग असते. एका टीमने माझ्या ओळखीच्या कारखान्याला तारीख दिली ती गणपतीच्या आठवड्यातली! कारखान्यात पहारेकरी सोडून कोणी नव्हतं, पण त्या दिवसांचं बिल आलं. मी १ जुलै सांगतो. खरेदी उरकलेली, पोती मोजायला सोपी, तिमाही नवी, आणि दिवाळीच्या ऑर्डरींना अवकाश. वर्षाची पुस्तकं दोन ठिकाणी राहतात, तो त्रास माझा, आणि त्याची फी मी आधीच सांगतो.

सर्व्हर स्वतःचा की क्लाउड? मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं, आणि तळमजल्यावरचे संगणक पाण्याखाली गेले. स्वतःच्या सर्व्हरला इन्व्हर्टर, बॅकअप आणि वरचा मजला लागतो. क्लाउडला दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी. मी क्लाउडच्या बाजूचा आहे, पण वजनकाट्याजवळ कार्बन घातलेलं पावतीपुस्तक ठेवायलाच लावतो.

वर धरलेल्या कारखान्यासाठी मी काय करीन? कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, ते टॅलीत मिळतं. एक हंगाम टॅलीतच दर्जावार उत्पादन लावून बघेन. त्यातून एखाद्या लॉटला किती पाकळी पडली हे कळू लागलं आणि तरी दोन गोदामांचा मेळ बसेना, तर ईआरपीनेक्स्टचं कोटेशन मागवेन, मॅनडेची फोड केलेलं. आणि त्यांना घरच्या बियाची एक आणि आफ्रिकेतून आयात केलेल्या बियाची एक अशी दोन पोती देऊन म्हणेन, ही सिस्टीममधून फोडून दाखवा.