जुन्या वायरिंगच्या घरात एलईडी: वर्षभर वापरल्यानंतर

आमचं घर सदाशिव पेठेत. इमारत सत्तरच्या दशकातली, वायरिंगही बहुतेक त्याच वयाचं. गेल्या पावसाळ्याआधी घरातल्या चारही ट्यूब, बाथरूम-पॅसेजमधले सीएफएल आणि देवघरातला झिरोचा बल्ब काढून सगळीकडे एलईडी लावले. आता पुढचा पावसाळाही लागलाय, तेव्हा खोक्यावर काय छापलंय आणि घरात काय घडतं हे सांगायला हरकत नाही. प्रकाशाबद्दल फारशी कुरकुर नाही. कुरकुर आहे ती ड्रायव्हरबद्दल, म्हणजे दिव्याच्या बुडात बसवलेल्या छोट्या सर्किटबद्दल. दिवा टिकणार की नाही ते तिथे ठरतं आणि खोक्यावर नेमकं त्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलेलं असतं.

आधी बिल. जुनी ट्यूब ३६ किंवा ४० वॉटची म्हणतात, पण तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॉट खातो, म्हणजे हिशेब पन्नासच्या आसपास जातो. त्या जागी २० वॉटची एलईडी पट्टी. चार पट्ट्या रोज सहा तास लागल्या तर महिन्याला २१-२२ युनिट वाचतात. शेजाऱ्यांचा दोन किलोवॉटचा गिझर रोज वीस मिनिटं चालला की जवळपास तेवढेच युनिट जातात. त्यामुळे ‘एलईडी लावा, बिल अर्धं करा’ म्हणणाऱ्याच्या घरी फ्रिजसुद्धा नसावा. आमच्याकडे गिझर गॅसचा आहे, म्हणून थंडीत पंखे बंद असताना बिल शंभर युनिटांच्या आत राहिलं. पुढच्या टप्प्याचा दर एकदम चढतो, तिथे खरा फायदा झाला. झिरोचा बल्बही नावालाच झिरो. तो १२ ते १५ वॉट घेतो, फक्त जुन्या मीटरची चकती तेवढ्याने हलायची नाही. तो रात्रभर जळायचा. आता अर्ध्या वॉटचा आहे.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की इन्व्हर्टरवर फरक लगेच कळतो. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर ट्यूब डोळे मिचकावत बसायची, तेही संपलं.

आता वायरिंगची भानगड. पहिल्याच रात्री पॅसेजमधला बल्ब बटण बंद करूनही मंद तेवत राहिला. आईने दोनदा खटखट करून पाहिलं आणि म्हणाली, ‘असू दे, रात्री उठायला बरं.’ वायरमनने टेस्टर लावला तेव्हा कळलं की बटण फेजवर (वीज आणणाऱ्या वायरवर) नाही, न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) आहे. म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डरपर्यंत फेज आलेलाच. वायरमधून झिरपणारा एवढासा करंट पिवळ्या बल्बच्या तारेला जाणवतही नाही, एलईडीला तेवायला तो पुरतो. दोष बल्बचा नव्हताच, उलट इतकी वर्षं कुणाच्या लक्षात न आलेला धोका त्याने दाखवला, कारण ‘बटण बंद आहे’ म्हणून होल्डरला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. जोडणी बदलून घेतली. वाड्यात किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर बल्ब परत करायला जाण्याआधी टेस्टर लावून घ्या. बटणात लाल इंडिकेटर असेल तरी दिवा असाच तेवतो, पण तो निराळा आणि निरुपद्रवी प्रकार.

टिकाऊपणा. खोक्यावर २५,००० तास, म्हणजे रोज सहा तास धरले तर अकरा वर्षं! बाथरूममध्ये काचेच्या बंद गोळ्यात लावलेला ९ वॉटचा बल्ब काही महिन्यांत गेला. उघडून पाहिला तर आतले एलईडी शाबूत, ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र फुगलेला. बंद गोळ्यात उष्णता कोंडते आणि आधी ड्रायव्हर जातो. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने बदलून दिला, पण बिल, खोकं आणि मेलेला बल्ब तिघांची हजेरी घेऊन. आता तो गोळाच काढून टाकलाय. वळवाच्या विजांचा विचार करून पट्ट्या ४ केव्ही सर्जवाल्या, म्हणजे चार हजार व्होल्टपर्यंतचा अचानक झटका सोसणाऱ्या, घेतल्या होत्या, त्या चारही ठणठणीत आहेत.

स्वस्तातल्या ‘डीओबी’ (ड्रायव्हर-ऑन-बोर्ड) बल्बपासून लांब राहा. त्यात वेगळा ड्रायव्हर नसतो, सगळं एकाच पाटीवर, आणि व्होल्टेज हललं की प्रकाशही हलतो. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावर नको. वडील मीडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे लावतात. हॉलची एक पट्टी चालू केली की रेडिओत घरघर सुरू होते. यावर माझ्याकडे उपाय नाही, बातम्यांच्या वेळी ती पट्टी बंद असते.

रंगाबाबत दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. विचारलं नाही तर तो ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवाच काढून देतो, ‘उजेड जास्त’ म्हणून. (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश पांढरा-निळसर; लहान असेल तर पिवळसर.) त्यात पोळी आजारी दिसते. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८० छापलेलं असतं, पण त्या आकड्यात गडद लाल रंग धरलेलाच नसतो, म्हणून देवघरातलं कुंकू विटकरी दिसायला लागलं. तिथे ३००० आणि स्वयंपाकघरात ४००० केल्विन, दोन्हीकडे ९० सीआरआयचे, हे आमच्याकडे जमलं. थोडे महाग पडतात.

चुकल्यासारखं वाटतं ते एवढंच, की ट्यूब बिघडली तर स्टार्टर फिरवून, नाहीतर बदलून दहा-वीस रुपयांत काम व्हायचं आणि ते घरातलं कुणीही करायचं. एलईडी पट्टी गेली की अख्खी पट्टीच टाका. तरी परतीची वाट आता बंद होत चाललीय. नोव्हेंबर २०२३मध्ये जिनिव्हात मिनामाटा कराराच्या (पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) बैठकीत पाऱ्यामुळे ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७पर्यंत थांबवायचं ठरलं. म्हणूनच काढलेल्या ट्यूब कचऱ्याच्या डब्याशेजारी उभ्या करू नका. २०१६च्या घनकचरा नियमांत त्या घरगुती घातक कचऱ्यात मोडत होत्या. आमच्या चारही जुन्या खोक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात, सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी आली की देणार.