शाहूपुरीतील गुळाचे दुकान : रंगाला न भुलणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत गुळाची किरकोळ विक्री करणारी जी जुनी दुकाने अजून तग धरून आहेत, त्यांपैकी एका दुकानाचे मी नेहमीचे गिऱ्हाईक आहे. गूळ विकत घेताना तो कसा तयार झाला हेही ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी तेथे अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या या पेठेमागे राज्यकर्त्याचा निर्णय आहे. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा दिली. घाऊक सौदे आता बाजार समितीच्या यार्डात निघतात. पेठेत उरलेल्या अशा दुकानांचे मोल त्यामुळे मला अधिकच वाटते.

या दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो तो, "कशाला पाहिजे, पोळीला का चिक्कीला?" चिक्कीचा गूळ जास्त कडक पाकाचा असतो, तो गुळपोळीच्या सारणात घातला तर पोळी चिवट होते, म्हणून उत्तर ऐकल्याशिवाय दुकानदार ढेपेला हात लावत नाहीत. मग सुऱ्याच्या टोकाने एक खडा फोडून तळहातावर ठेवतात. फोडलेल्या बाजूला बारीक कणी चमकते, आणि खडा जिभेवर विरघळला की मागे खारटपणा राहत नाही. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस टाकून मळी कशी वर काढतात, हेही ते हातचे काम न थांबवता सांगतात.

पिवळाधमक गूळ तेथेही मिळतो, परंतु हा रंग बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरमुळे (रस उजळ करणाऱ्या गंधकयुक्त रसायनामुळे) येतो आणि टिकत नाही, हे ते स्वतःहून सांगतात. या पावडरीमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो, आणि त्यासाठी नियमाने ७० पीपीएमची (दहा लाख भागांत ७० भाग) मर्यादा आहे. ती पाळली गेली की नाही, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळणे शक्य नाही, त्यामुळे विक्रेत्याचा प्रामाणिकपणा येथे फार मोलाचा ठरतो. माझ्या घरी तांबूस गूळच येतो. चहाला तो थोडा गडद रंग देतो, पण आमटीत आणि पुरणात त्याची बरोबरी पिवळ्या गुळाला करता येत नाही.

एक उणीव मात्र नोंदवायलाच हवी. बांधून ठेवलेल्या एक किलोच्या ढेपांवर गूळ केव्हा तयार झाला याची तारीख नसते, आणि इतके जाणकार दुकान असताना ही हयगय खटकते. ढेपांवर तारीख येईपर्यंत सुटा, समोर फोडून दिलेला गूळच घ्यावा. पावसाळ्याची बेगमी करायची असल्यास गुऱ्हाळे बंद होण्याआधीच जावे, कारण दमट हवेत गूळ पाझरू लागतो आणि पुढे मनासारखा निवडता येत नाही.