मीटरवर २.८ दाखवलं आणि अल्टरनेटरचे नऊ हजार घेतले

उभी गाडी करंट खाते असं सांगून नागपुरात माझ्याकडून नऊ हजार रुपये काढले. गंमत म्हणजे मीटर चांगलं होतं आणि त्यावरचा आकडाही खरा होता. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो, कारण "डोळ्यांनी पाहिलं ना मीटरवर" म्हटलं की कोणीही गप्प बसतो.

गाडी जुनी घेतलेली, बॅटरी मात्र नवी. तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागेना. मे महिना होता. इथल्या ४५ अंशांत बॅटऱ्या लवकर जातात, म्हणून आधी सगळा दोष उन्हालाच दिला. मग एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि केबल व टर्मिनलच्या मध्ये मीटर लावलं. ड्रायव्हरकडचं दार सताड उघडं, चावी माझ्या हातात.

"पहा भाऊ, २.८ अ‍ॅम्पिअर! गाडी बंद, तरी करंट पिऊन राहिली. अल्टरनेटरचा डायोड गेला."

अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग; त्यातला डायोड गेला की बॅटरीतला करंट उलटा त्यातून गळतो. संध्याकाळी गाडी मिळाली, सोबत कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेला हिशोब. जुना अल्टरनेटर मागितला तर "तो बदल्यात गेला." आठवडाभरात बॅटरी पुन्हा बसली.

आमचे साडूभाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले. रविवारी मीटर घेऊन आले आणि पहिलं वाक्य बोलले, "घाई नका करू, भाऊ." काच खाली घेतली, दार उघडंच ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबलं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. चावी घरात नेऊन ठेवायला लावली. लाल वायर मीटरच्या १० अ‍ॅम्पिअरच्या खाचेत. मीटर जोडलेलं असताना गाडी चालू करायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो.

सुरुवातीला आमच्याकडेही दोनच्या वर आकडा दिसला! केबल काढून पुन्हा जोडली की गाडीतले छोटे कॉम्प्युटर जागे होतात. दार उघडं असेल तर दिवे आणि लॉकही. ते सगळे झोपायला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो, काही गाड्यांना तासही. खरा आकडा त्यानंतरचा, आणि तो साधारण ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या (म्हणजे ०.०५ अ‍ॅम्पिअरच्या) आत असला की गाडी ठीक. त्या दुकानात मीटर मिनिटभरही लावलं नव्हतं. तशा घाईत शोरूममधली कोरी गाडीही "लीकेज"मध्ये सापडेल.

आम्ही सावलीत चहा घेतला. आकडा उतरत ०.४१ अ‍ॅम्पिअरवर थांबला. हे मात्र जास्तच होतं. दिवसाला जवळपास १० अ‍ॅम्पिअर-तास, आणि माझी बॅटरी ४५ची. मग एकेक फ्यूज काढत गेलो. एकाला हात लावताच आकडा ०.०३ वर आला. टेपच्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर आधीच्या मालकाने कायम चालू राहणाऱ्या लाइनवर मारून ठेवली होती. अल्टरनेटरचा संबंधच नाही. डायोडची शंका असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटी ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढायची, टोकाला टेप गुंडाळायचा आणि मग पुन्हा मोजायचं. आकडा पडला तरच दोष तिथे. दुकानात हे कोणी केलं नव्हतं.

खरा धक्का पुढे होता. गाडी घेताना मी बॉनेटखालचे फोटो काढले होते. अल्टरनेटरच्या लेबलवरचा नंबर जुळवला, तर तोच! बदललाच नव्हता. घासून, वरून चंदेरी रंग मारून परत बसवलेला.

फोटो घेऊन दुकानात गेलो. आधी आवाज चढला, मग "पोट्ट्यानं गडबड केली असंन." १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो म्हटल्यावर सहा हजार परत मिळाले. उरलेले "मजुरीचे". पक्कं बिल असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्काही नव्हता, तेव्हा तिथेच थांबलो.

अ‍ॅम्प्लिफायरची वायर चावीच्या लाइनवर घ्यायला दुसऱ्या वायरमनने दोनशे रुपये घेतले. काम झाल्यावर मी काही न सांगता त्यानेच गाडी लॉक केली, मीटर लावलं आणि म्हणाला, "अर्ध्या तासानं या, मंग दाखवतो."