सांगलीत जॅझवर ‘अ ख्रिसमस कॅरोल’, तेही मराठीत

रविवारी आईला घेऊन हा प्रयोग बघून आले, दीडशे रुपये तिकीट, शंभरेक खुर्च्यांचा छोटा हॉल, आणि अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. नाटक म्हणून जाऊ नका, सेट नाही, वेशभूषा नाही, एक बाई माइकसमोर उभ्या राहून अख्खी गोष्ट सांगतात आणि मागे सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स, बस.

गोष्ट इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सचीच, लंडनचा चिक्कू स्क्रूज, ख्रिसमसच्या आदल्या रात्री सात वर्षांपूर्वी मेलेला पार्टनर मार्ली समोर येतो आणि मग एकामागून एक तीन भुतं. नावंगावं बदलून इकडची केली नाहीत हे फार बरं केलं, स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिटचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंगच राहतो, फक्त भाषा अस्सल आपली.

मार्ली येतो तो भाग तर काय सांगू! त्याच्या अंगाला साखळी असते ना, गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, हिशोबाच्या वह्या, तर बाई एकेक वस्तू नुसती उच्चारतात आणि थांबतात, मग बासची एक जाड तार, आणि ती तार बरोब्बर मात्रेवर पडत नाही, जरा रेंगाळून पडते, तेवढ्यात आपला श्वास अडकलेला असतो. आईनं माझा हातच धरला. सॅक्सवाले काका लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात म्हणे, स्क्रूजच्या तरुणपणीचा मालक फेझिविग, त्याच्या पार्टीला त्यांनी अशी धून उचलली की सगळा हॉल टाळ्या धरून होता, आणि तीच धून पुढे बॉबच्या आजारी पोराच्या, टायनी टिमच्या रिकाम्या जागेला आणि कुबडीला इतकी हळू आली की मला रडू आवरलं नाही.

एक खटकलं. तिसरं भूत मूळ गोष्टीत एक शब्दही बोलत नाही, तिथं शांतता हवी होती, पण ड्रम्स एवढे चढले की बाईंची दोन-तीन वाक्यं मागच्या रांगेत ऐकूच आली नाहीत.

बाहेर पडताना आई म्हणाली, अगं हे तर कीर्तनच की, बुवा आख्यान लावतात आणि साथीदार धरून ठेवतात तसंच. मला विष्णुदास भावे आठवले. ५ नोव्हेंबर १८४३ला त्यांचं ‘सीतास्वयंवर’ नाटक झालं ते इथंच सांगलीत, त्यातही पदं गात गोष्ट पुढे न्यायचा तो सूत्रधारच, आणि डिकन्सचं हे पुस्तक लंडनला आलं १९ डिसेंबर १८४३ला, म्हणजे अवघ्या दीड महिन्यानं! पुढे डिकन्स स्वतः स्टेजवर उभा राहून हीच गोष्ट लोकांना वाचून दाखवायचा. त्यामुळे हा प्रकार सांगलीला परका वाटायचं कारणच नाही.

पुन्हा लागला तर मी जाणार, यावेळी पुढच्या तीन रांगांतच बसणार. अगदी लहान पोरांना नेऊ नका, मार्लीला घाबरून आमच्या शेजारचं एक पोरगं शेवटपर्यंत आजीच्या पदरात तोंड लपवून बसलं होतं.