नाशिकमध्ये बंपर रंगवून घेणार असाल तर आधी हे वाचा

कॉलेज रोडवरच्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये मागचा बंपर खांबाला घासला आणि उजव्या कोपऱ्यावर वीतभर लांबीचे ओरखडे पडले. नख अडकत होतं आणि मधल्या ओरखड्यात आतलं काळं प्लास्टिक दिसत होतं. असा ओरखडा पॉलिशने जात नाही. पाणी लावल्यावर जो दिसेनासा होतो तो क्लिअर कोटपुरता, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापुरता असतो, तो घासून निघतो. हा काही दिसेनासा होत नव्हता. म्हणून गाडी द्वारका परिसरातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेली.

शेठ बोलायला साखर. "साहेब, बंपर खाली उतरवू, प्लास्टिकचा प्रायमर मारू, बूथमध्ये रंगवू. कंपनीतून आल्यासारखा करून देतो." बूथ म्हणजे रंगकामाची धूळ न येणारी बंद खोली. भाव ५,५०० रुपये. विम्याचं विचारलं तर म्हणाला, "एवढ्याशासाठी क्लेम कशाला घालता? नो क्लेम बोनस जाईल. रोखीत करा, पक्कं बिल लागलं तर १८ टक्के वर." बोनसचं त्याचं खरंच होतं. क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे चढत ५० टक्क्यांपर्यंत सूट आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. पण क्लेम नाही म्हणजे विमा कंपनीचा सर्व्हेअर बघायला येणार नाही, आणि बिल नाही म्हणजे त्याने काय काय केलं हे कुठे लिहिलेलं नाही. त्याची खरी सोय इथे होती.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गाडी तयार. बंपर चकाचक, रंगही जुळलेला. पावसाळा निभावला. दसऱ्याच्या आधी पाथर्डी फाट्याजवळ गाडी धुवायला दिली, फवारा बंपरच्या कडेला लागला आणि तळहाताएवढा रंग अख्खाच्या अख्खा सुटून खाली पडला. धुणाऱ्या पोराने तो उचलून माझ्या हातात दिला.

पापुद्रा उलटा करून पाहिला तर आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत. बंपरवर त्या जागी कंपनीचा जुना रंग जसाच्या तसा चकाकत होता, म्हणजे त्याला पॉलिश पेपर लागलाच नव्हता. ओरखड्यांच्या जागी पिवळट पुट्टी, तीही तडकलेली. शेठला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "प्रेशरचं पाणी कोणी मारायला सांगितलं?" गाडी धुवायची नाही असं रंगवताना बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे अंबडला एक पेंटरकाका भेटले. गाड्यांचे प्लास्टिकचे भाग रंगवून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. त्यांनी पापुद्रा हातात घेतला आणि सगळं उलगडून सांगितलं. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात; आतल्या बाजूला 'पीपी' अशी अक्षरं उमटवलेली सापडतात. या प्लास्टिकवर रंग तेलकट ताटलीवरच्या पाण्यासारखा, नीट पसरतही नाही आणि धरतही नाही. कारखान्यात त्यासाठी पृष्ठभागावर आधी ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. दुरुस्तीत जिथे प्लास्टिक उघडं पडलं असेल तिथे प्लास्टिक प्रायमर लागतोच, आणि जुन्या रंगावर नवा चढवायचा तर तो आधी घासून मंद करावा लागतो. पुट्टीसुद्धा प्लास्टिकची, लवचीक हवी. पत्र्याची पुट्टी कडक असते, बंपर दबला की तडकते. माझ्या बंपरवर यातलं काहीच केलेलं नव्हतं. बंपर उतरवलाही नव्हता. काकांनी बंपर आणि फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, यांच्या फटीत नख फिरवून मास्किंग टेपची उभी कड दाखवली. नंबर प्लेटच्या स्क्रूंवरही रंगाचा भुरका होता.

जुन्या गाड्या घेणारे रंगाची जाडी मोजायला जो मीटर लावतात तो पत्र्यावर चालतो, प्लास्टिकवर नाही. त्यामुळे बंपरवरची लबाडी त्यात सापडत नाही. रंग चढल्यावर खालचं कोणालाच दिसत नाही, म्हणून बघायचं ते आधीच. उतरवलेला बंपर, घासून मंद झालेला पृष्ठभाग आणि मारलेला प्रायमर, या प्रत्येक टप्प्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. 'गर्दी आहे, वेळ नाही' म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. कोणत्या प्रकारचा रंग मारणार तेही विचारा. हार्डनर घालून मारलेला टू-के रंग नीट सुकल्यावर थिनरच्या फडक्याने निघत नाही. स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग फडक्याला लागतो. ही फडक्याची चाचणी लपलेल्या कोपऱ्यात, आणि गॅरेजवाल्याच्याच हाताने करून घ्या. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, तो घेऊनच मिक्सिंग व्हायला हवं. माझ्या बाबतीत हे एक काम त्याने मन लावून केलं होतं, कारण गाडी नेताना गिऱ्हाईक रंगच बघतं.

काकांनी बंपर उतरवून, आधीचा सगळा थर खरवडून काम केलं. पक्क्या बिलासकट ७,२०० रुपये झाले. दर टप्प्याचे फोटो न मागता आले.

पहिल्या गॅरेजविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. बिल नसलं तरी २,००० रुपये ॲडव्हान्स यूपीआयने गेला होता, आणि 'प्लास्टिक प्रायमर, बूथ, सगळं धरून ५,५००' हा शेठचा मेसेज मोबाइलमध्ये आहे. एवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही आणि २ वर्षांची मुदत असते. तक्रारीनंतर शेठचा फोन आला, "साहेब, गाडी घेऊन या, फुकट टचअप मारून देतो." गाडी येणार नाही, पैसे परत करा, असं त्याला लेखी कळवलं आहे.