शंख की साचा? कॅम्पॅनिले जायगँटियमची ओळख

फ्रान्सच्या पॅरिस खोऱ्यातली ही सागरी गोगलगाय सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीची. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1804 मध्ये तिला सेरिथियम वंशात घातलं. आता ती कॅम्पॅनिले वंशात आहे.

शॅम्पेन भागातल्या वाळूत तिचे शंख अजून शाबूत सापडतात. लांबी दीड फुटाच्या आसपास. वेढ्यांच्या शिवणीलगतचे (दोन वेढे जुळतात त्या रेषेजवळचे) ठळक उंचवटे, वाढीच्या रेषा, तुटलेल्या शंखात मधल्या दांड्यावर दिसणाऱ्या घड्या, सगळं हाताशी. प्रजातीचं वर्णन लिहायला आणखी काय हवं?

पॅरिसच्या इमारती दगडात मात्र पाण्याने शंखाचं अ‍ॅरागोनाइट (शंख ज्या चुनखनिजाचा बनतो ते) विरघळवलंय. उरतो तो आतला साचा, म्हणजे शंखाच्या पोकळीत भरून घट्ट झालेला गाळ; खाणकामगार त्याला 'वेरँ' म्हणत. त्यावर दांड्याच्या घड्यांच्या खाचा उमटू शकतात, पण बाहेरची नक्षी नाही. आजूबाजूच्या दगडात बाहेरचा ठसा राहिला असेल तर त्यात सिलिकॉन रबर ओतून ती नक्षी परत मिळवता येते, म्हणून दगड साफ करण्याची घाई नको.

नुसत्या साच्यावरून नवी प्रजाती जाहीर करू नये, असं माझं ठाम मत आहे. वंशापर्यंतच थांबावं. शंखालाही मर्यादा आहेच: कॅम्पॅनिले वंशाचं कुळ वेगळं का, याचा भक्कम पुरावा नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या एकमेव जिवंत प्रजातीच्या मऊ शरीरातून मिळाला.