पगार हवा की प्रयोगशाळा? पीएचडीनंतरच्या पहिल्या अनुदानाची निवड

पीएचडी झाली, नेट-सेटही पदरात आहे, आता पहिलं अनुदान मागायचं. अशा वेळी बहुतेक जण योजनांची यादी काढतात आणि सर्वांत मोठ्या आकड्याला खूण करतात. त्याआधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचा. कायम नेमणूक आहे की सीएचबीवर (म्हणजे तासाच्या हिशेबाने मानधनावर) तास घेताय, एवढ्या एका गोष्टीवर निम्म्या योजना गळतात.

विज्ञान शाखेत सध्या दोन नावं जास्त ऐकू येतात: डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची, इन्स्पायर फॅकल्टी आणि एएनआरएफची प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट. (एएनआरएफ म्हणजे संशोधनाला निधी देणारं जुनं केंद्रीय मंडळ, सर्ब, ज्यात विलीन झालं ती संस्था, कायदा २०२३चा.) लोक या दोन्ही योजना एकाच तराजूत घालतात, पण त्यांचं काम वेगळं आहे.

इन्स्पायर माणसाला पोसते. पाच वर्षं दरमहा १,२५,००० रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला ७ लाख. सर्वसाधारण गटाला वयोमर्यादा ३२, महिला आणि राखीव गटांना सवलत. पीएचडीला सहा-सात वर्षं लागली असतील तर हे दार बंद होत आलेलं असतं. शिवाय नावात फॅकल्टी असलं तरी ही नोकरी नव्हे. जिथे राहून संशोधन करायचं ती यजमान संस्था आपणच शोधायची आणि पाच वर्षांनंतर ती आपल्याला ठेवून घेईलच असं नाही. म्हणून यजमान निवडताना तिथली उपकरणं बघाच, पण येत्या काही वर्षांत त्या विभागातून कोण निवृत्त होतंय हेही हळूच विचारून ठेवा.

एएनआरएफची ग्रँट मात्र पद आधीच मिळालेलं आहे असं धरून चालते. तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत, संस्थेचा ओव्हरहेड (वीज, कार्यालय असा वरखर्च) वेगळा, वयोमर्यादा ४२. सर्बच्या आधीच्या एसआरजी योजनेत दोन वर्षांसाठी ३० लाख होते, त्यामुळे ही रक्कम भरघोस वाटते. पण यातला एक रुपयाही आपल्या पगारात येत नाही. आणि ६० लाख सरतात कसे तेही बघा. एक जेआरएफ (पीएचडी करणारा कनिष्ठ संशोधक) ठेवला तर दोन वर्षं ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी ४२,००० महिना, म्हणजे घरभाडेभत्ता सोडून १३.९२ लाख. वीस लाखांचं एक उपकरण घेतलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३.६ लाख. जुलै २०२२पर्यंत सार्वजनिक संशोधन संस्थांना सवलतीत ५ टक्केच लागायचा. रसायनं, प्रवास, दुरुस्ती यांना उरले साडेबावीस लाखांच्या आसपास. तीन वर्षांना ते वाईट नाहीत, पण प्रस्ताव लिहिताना दोन उपकरणांची स्वप्नं पाहू नका.

तरी कायम पद असेल, विद्यापीठात असाल आणि काम प्रयोगाचं असेल, तर माझा कौल हिलाच.

कॉलेजात असाल तर मात्र मी दोन लहान योजनांकडे आधी बघेन. एक यूजीसीची, दौलतसिंग कोठारींच्या नावाची: नवीन नेमणूक झालेल्या प्राध्यापकांना दोन वर्षांसाठी १० लाख. सप्टेंबर २०२२मध्ये ती जाहीर झाली तेव्हा जागा होत्या १३२. दहा लाखांत जेआरएफचा विचारच नको. दोन वर्षांच्या मानधनातच ८.८८ लाख जातील. पण गणित, सैद्धांतिक भौतिकशास्त्र किंवा सह्याद्रीत हिंडून वनस्पती गोळा करणं, अशा कामाला ही रक्कम पुरते. आपलं कॉलेज यूजीसी कायद्याच्या टू-एफ आणि ट्वेल्व्ह-बी या कलमांखालच्या (मान्यतेच्या आणि निधीच्या) याद्यांमध्ये आहे का, ते अर्जाआधी ऑफिसात विचारा.

दुसरी टेअर, सर्बच्या काळापासूनची. राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांनी आपली नोकरी सांभाळून जवळच्या मोठ्या संस्थेत जाऊन संशोधन करायचं, ही तिची कल्पना. तीन वर्षं, वर्षाला ५ लाख, तेही आपली संस्था आणि यजमान यांत निम्मे-निम्मे. स्वतःला वर्षाला ६०,०००. आकडा किरकोळ आहे, पण जे उपकरण कॉलेजला दहा वर्षांत परवडणार नाही त्यावर काम करायला मिळतं. अडचण नकाशाची आहे. पुण्यातल्या शिक्षकाला एनसीएल आणि आयसर पाषाणलाच, मुंबईकराला आयआयटी आणि टीआयएफआर, नागपूरला नीरी, गोव्यात दोना पावलाला एनआयओ. गडचिरोलीच्या किंवा हिंगोलीच्या शिक्षकाने जायचं कुठे? त्याला उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्याच खर्ची घालाव्या लागतात.

सीएचबीवाल्यांसाठी चित्र रुक्ष आहे. वर्षानुवर्षं शिकवत असलात तरी ‘नियमित पद’ या दोन शब्दांशी अर्ज अडतो. मग उरतात फेलोशिप. एएनआरएफची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची, वयोमर्यादा ३५. ती पूर्णवेळ असल्याने तासिका सोडाव्या लागतात आणि परतल्यावर त्या मिळतीलच असं नाही. विषय जीवशास्त्राचा किंवा आरोग्याचा असेल तर डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्सची फेलोशिप नक्की बघा. वयाची अट नाही, कायम पदाचीही नाही, मुदत पाच वर्षांची. अर्ज अवघड आणि स्पर्धा देशभराची, पण एक चांगली कल्पना आणि तयार असलेली यजमान संस्था एवढ्यावर उभं राहता येतं.

सामाजिक शास्त्रांना यातलं बहुतेक लागू नाही. त्यांनी आयसीएसएसआरच्या, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, छोट्या प्रकल्पांपासून सुरुवात करावी. १९६९ साली ती परिषद उभी करणारे धनंजयराव गाडगीळ आणि जे. पी. नाईक दोघेही आपल्याकडचे. तिचं पश्चिम विभागीय केंद्रही कलिन्याला मुंबई विद्यापीठातच आहे.

कुठलीही योजना निवडा, संस्थाप्रमुखांच्या सहीचं पत्र मुदतीच्या दोन आठवडे आधी हातात ठेवा. माझा पहिला प्रस्ताव पूर्ण होता, बजेटसुद्धा जुळलेलं होतं. शेवटच्या दिवशी सही घ्यायला गेलो, तर प्राचार्य नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) बैठकीसाठी परगावी आणि शिक्का कपाटात कुलूपबंद.